कुट्टीयंत्राची चाके
कडबाकुट्टी यंत्र गोठ्यातून खळ्यावर नेता यावे म्हणून तुम्ही चारही पायांना चाके बसवता. मीही बसवली होती. मोटार सुरू होताच यंत्र थरथरत सरकले आणि वैरण सारणाऱ्या धाकट्या भावाचा हात पात्यापासून चार बोटांवर राहिला! त्याच दिवशी चाके काढली.

आता दोनच चाके आहेत, वजनदार बाजूच्या पायांना बाहेरून लावलेली, जमिनीपासून जेमतेम वर. समोरच्या बाजूचे दांडे उचलले की चाके टेकतात आणि यंत्र हातगाडीसारखे चालते (दोघे लागतात, हे खरे). दांडे खाली ठेवले की सगळा भार लोखंडी पायांवर येतो. खळे उंचसखल असेल तर डुगडुगत्या पायाखाली लाकडी फळी सारा. वीट हादऱ्याने फुटते. हलवण्याआधी मोटारीची पिन काढा. भाऊ अजूनही आधी वाकून चारही पाय पाहतो, मगच पेंढी हातात घेतो.