पॅकेट कुठल्या इंटरफेसनं बाहेर पडतं?

राउटिंग हेडरमध्ये मधले थांबे लिहून दिले, की राउटरनं पॅकेट कुठल्या इंटरफेसनं सोडायचं तेही ठरून जातं, असं माझ्याकडे नेटवर्किंग शिकायला येणारी बरीच मुलं धरून चालतात. वादापेक्षा पाहिलेलं बरं, म्हणून लॅपटॉपवर लिनक्सच्या नेमस्पेसमध्ये क, ख, ग, घ असे चार राउटर उभे केले. दूरच्या नेटवर्ककडे जाणारं साधं आयपीव्ही६ पॅकेट ख हा राउटर ग कडे सोडायचा. त्याच्या राउटिंग टेबलात तसंच होतं.

मग त्याच पॅकेटला सेगमेंट राउटिंगचं हेडर जोडलं: आधी ख, नंतर घ, शेवटी मुक्काम. (यादी उलटी असते, मुक्काम शून्य क्रमांकावर.) टीसीपीडम्पमध्ये जे दिसलं त्यानं सगळे खुर्च्या ओढून स्क्रीनजवळ आले. पॅकेट ख च्याच पत्त्यावर आलं होतं. ख नं ‘सेगमेंट्स लेफ्ट’ २ वरून १ केलं, घ चा पत्ता डेस्टिनेशनमध्ये बसवला आणि टेबल नव्यानं पाहिलं. सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स घ च्या बाजूचा निघाला, पॅकेट तिकडे गेलं.

आता खरी परीक्षा. ख च्या टेबलातली घ ची वाट ग मार्गे वळवली. हेडर तेच, तरी पॅकेट दुसऱ्याच इंटरफेसनं बाहेर! शिवाय मधल्या ग नं हेडरकडे पाहिलंही नाही, कारण डेस्टिनेशन त्याचं नव्हतं.

म्हणजे हेडर फक्त पुढचं ठिकाण सांगतं; इंटरफेस त्या त्या राउटरचं टेबल त्या क्षणी ठरवतं. ठरावीक शेजाऱ्याकडेच पाठवायचं असेल, तर आरएफसी ८९८६ मधला ‘एंड.एक्स’ प्रकारचा सेगमेंट लागतो. त्यात शेजारी आधीच बांधलेला असतो.

लिंक-लोकल पत्त्यांचं प्रकरण नाजूक. एकच प्रीफिक्स प्रत्येक लिंकवर असल्यानं नुसत्या टेबलावर भागत नाही. आरएफसी ४००७ नुसार पुढच्या पत्त्याचा झोन, पॅकेट ज्या इंटरफेसवर आलं त्यावरून ठरतो; आणि त्या पत्त्याची व्याप्ती आधीच्या डेस्टिनेशनपेक्षा लहान असेल, तर पॅकेट टाकूनच द्यायचं.

ही कडक शिस्त मला अत्यावश्यक वाटते. जुन्या ‘टाइप ०’ हेडरमध्ये तेच पत्ते पुन्हापुन्हा लिहून एक पॅकेट दोन राउटरांमध्ये घुमवत ठेवता यायचं. मधल्या लिंकवरचा भार ८८ पट वाढू शकत होता. डिसेंबर २००७ मध्ये आरएफसी ५०९५ नं तो प्रकार बाद केला. लिनक्समध्येही सेगमेंट राउटिंगची पॅकेटं स्वीकारणारं ‘सेग६_एनेबल्ड’ हे सेटिंग मुळात बंदच असतं आणि पॅकेट येणाऱ्या इंटरफेसवर ते मुद्दाम चालू करावं लागतं.