घर्षणाची कमाल मर्यादा

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकविताना मला सातत्याने असे आढळत आले आहे की, घर्षणाची गणिते भराभर सोडविणारा बुद्धिमान विद्यार्थीही स्थितिक घर्षणाचे मर्म हाती न लागताच परीक्षेच्या पार जातो. कारण गुणांकाला लंब बलाने गुणावे हे सूत्र त्याला आधी मुखोद्गत होते, आणि ते कोणत्या प्रसंगी लागू पडते याची तहकिकात मागाहून, पुष्कळदा कधीच, होत नाही.

१० किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा २० अंशांनी कललेल्या फळीवर निश्चल आहे आणि स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ आहे, असे समजा. ठोकळ्याला खाली ओढणारा गुरुत्वाचा घटक भरतो सुमारे ३३.५ न्यूटन, गुणांक आणि लंब बल यांचा गुणाकार मात्र सुमारे ४६ न्यूटन येतो, आणि विद्यार्थी तोच आकडा घर्षण म्हणून बेधडक लिहितो. तो खरा असता तर साडेबारा न्यूटनांचे शिल्लक बल लाभून तो ठोकळा कोणी न ढकलता फळीवरून वर चढू लागला असता! वर्गात मी हा निष्कर्ष विद्यार्थ्यांकडूनच वदवून घेतो, कारण त्यातील असंभाव्यता एकदा डोळ्यांपुढे आली म्हणजे अधिक विवरणाची जरुरी राहत नाही. ४६ न्यूटन ही खजिन्याने मंजूर केलेली कमाल रक्कम आहे. प्रत्यक्ष खर्च गरजेपुरता, म्हणजे ३३.५ न्यूटनच, पडतो. फळी साडेसव्वीस अंशांच्या आसपास कलली की ही मंजुरी संपते, आणि तो कोन ठोकळ्याच्या वजनावर मुळीच अवलंबून नसतो. ठोकळा एकदा सुटला की अंमल गतिक घर्षणाचा, ज्याचा गुणांक सामान्यतः कमी असतो. म्हणूनच ठोकळा रेंगाळत न सरकता त्वरणाने घसरतो.

विश्रांत आणि गतिमान अवस्थांतील हा भेद फ्रान्सचा लष्करी अभियंता कूलाँ याने रॉशफोर येथील जहाजांच्या गोदीत जे प्रयोग केले, त्यांत विशेष बारकाईने तपासला गेला, आणि त्या निबंधाला १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक लाभले. पृष्ठभाग जितका वेळ एकमेकांवर स्थिर राहावेत, तितके त्यांना हलविण्यास लागणारे बल, निदान काही काळ, वाढत जाते, हेही त्याने नोंदविले. आणि महिनोन्‌महिने लाकडी उतरणीवर उभे असलेले जहाज पाण्यात लोटणाऱ्यांना या प्रश्नाचे महत्त्व कोणी समजावून देण्याची आवश्यकता नव्हती. यामागील कारण विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर या संशोधकांनी उकलले: गुळगुळीत भासणारे दोन पृष्ठभागही केवळ सूक्ष्म शिखरांवरच परस्परांना भिडतात, आणि दीर्घकाळ दाबाखाली राहिल्याने ती शिखरे चेपून त्यांचा खरा स्पर्श विस्तारत जातो. खडबडीतपणा म्हणजेच घर्षण, ही रूढ समजूत त्यामुळे अपुरी ठरते. निर्वात जागेत धातूंचे अतिस्वच्छ, सपाट पृष्ठभाग एकमेकांना भिडविले असता ते चक्क जोडले जातात.

स्थितिक घर्षण केवळ अडथळा करते, हाही असाच गैरसमज. चालणाऱ्या मनुष्याला पुढे ढकलणारे बल हेच. आणि लोखंडी रुळावर न घसरता फिरणाऱ्या चाकाचा स्पर्शबिंदू त्या क्षणी रुळाच्या सापेक्ष स्थिर असल्याने, आगगाडीला ओढून नेणारे बलही स्थितिक घर्षणाचेच. बोरघाटात चढ ३७ स एक, म्हणजे गाडीच्या प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ निव्वळ चढापायी लागते. आणि इंजिनाची ओढण्याची ताकद, यंत्र कितीही प्रबळ असो, अखेर त्याच्या चाकांवरील भार आणि गुणांक यांच्या गुणाकाराशी येऊन थबकते. कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडतात त्यामागील एक कारण हेच. पावसाने रूळ ओले झाले की गुणांक घटतो, चाके जागच्या जागी गरगरू लागतात, आणि अशा वेळी चालक शक्ती वाढवीत नाही, कमी करतो व रुळावर वाळू सोडतो. कारण घसरत्या चाकाच्या वाट्याला गतिक घर्षणाची तुटपुंजी पकड येते, आणि चाक पुन्हा न घसरता फिरू लागेल तेव्हाच मोठी मर्यादा त्याला परत मिळते.