आधी कान, मग पाना

जुना डिझेल ट्रॅक्टर सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवे, सिलिंडरमध्ये स्वच्छ हवा यायला हवी, पिस्टनने ती घट्ट दाबायला हवी आणि नेमक्या वेळी तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडायला हवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि डिझेल आपोआप पेट घेते. कांदिवलीत तयार झालेला चार सिलिंडरचा बी-275 असो, तीन सिलिंडरचा मॅसी फर्ग्युसन 1035 असो की दोन सिलिंडरचा एचएमटी 2511, त्याचे सुरू न होणे किंवा अडखळत चालणे या चारांपैकी एका गोष्टीत अडकलेले असते. ती कोणती हे पाना हातात घेण्याआधी ओळखणे, हे या कामातले खरे कसब.

शेतकऱ्याची तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते: ट्रॅक्टर चालू होईना. जाणता मेस्त्री त्यावर ट्रॅक्टरकडे न जाता आधी विचारतो, 'काल कसा बंद झाला होता?' रात्री धडधाकट लावलेला ट्रॅक्टर सकाळी सेल्फ (स्टार्टर) घेत नसेल तर संशय बॅटरीवर जातो. चालता चालता फडफडत बंद पडला असेल तर डिझेलच्या वाटेवर. महिना-दोन महिने रोज थोडा थोडा जास्त वेळ घेऊ लागला असेल तर बोअर, रिंगा, नोझल यांच्यावर. अचानक आलेल्या आणि हळूहळू आलेल्या दुखण्याचे मूळ सहसा वेगवेगळ्या ठिकाणी असते. दुसरा प्रश्न असतो, 'मधे कुणी हात लावला होता का?' फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रुसला, तर शोध फिल्टरच्या वायसरपासूनच सुरू करावा.

सेल्फ मारल्यावर जो आवाज येतो त्यात निम्मे निदान असते. काहीच आवाज नाही, नुसतीच 'कट्', भराभर 'कट्-कट्-कट्', दमलेले 'घ्याँव... घ्याँव', किंवा इंजिनाला न धरता मोकळे 'सुईं' फिरणे, या पाच आवाजांची कारणे पाच आहेत. मीटर जवळ नसेल तर पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे पूर्ण विझले तर एखादे टर्मिनल सैल आहे किंवा बॅटरी पार उतरली आहे. दिवे मंदावले आणि इंजिन कण्हत फिरले तर बॅटरी अर्धी आहे किंवा इंजिन जड झाले आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि आवाजही आला नाही तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही; चावी, सॉलेनॉइड आणि त्यांच्यामधली तार पाहावी.

मीटर असेल तर काम आणखी सोपे होते. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फ मारत असताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही. पण नवी बॅटरी आणण्याआधी टर्मिनल पाहावे. त्यावर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवावी, शिसे चकचकीत दिसेपर्यंत घासावे, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. काढताना अर्थिंगची तार आधी आणि जोडताना शेवटी, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अर्थिंगची पट्टी. सेल्फ इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर ओढतो आणि तेवढाच प्रवाह या पट्टीतून बॅटरीकडे परततो. पट्टी रंगावर आवळलेली असेल, गंजली असेल किंवा तिचे निम्मे धागे तुटले असतील, तर नवी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. मीटरची एक टोच बॅटरीच्या वजा खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले की दोष पट्टीत आहे.

सेल्फ मोकळा फिरत असेल तर बेंडिक्स, म्हणजे रिंगला धरणारा सेल्फचा दातेरी भाग, चिकटलेला असतो किंवा फ्लायव्हील रिंगचे दाते झिजलेले असतात. ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. बंद होताना इंजिन नेहमी दाबाच्या झटक्यापाशी येऊन थांबते. त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनाची रिंग समोरासमोर दोन जागी आणि तीन सिलिंडरची तीन जागी खाल्ली जाते. टॉप गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर जरासा ढकलला, पुन्हा न्यूट्रल केला आणि सेल्फने लगेच पकडले, तर रिंगच दोषी आहे, हे सेल्फ न खोलताच कळते.

इंजिन जोमाने फिरते आहे पण पकडत नाही, तेव्हा शोध दुसऱ्या वाटेला लागतो. पहिली नजर बंद करायच्या दांडीवर टाकावी. ती ओढलेलीच राहिली असेल, किंवा तिची केबल गंजून अर्ध्यात अडकली असेल, तर पंप डिझेल सोडत नाही. या एका गोष्टीपायी कित्येक पंप विनाकारण खोलले गेले आहेत. दांडी ठीक असेल तर एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर भसाभस येतो, म्हणजे डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. पुढचे सगळे काम या दोन फांद्यांवर विभागले जाते.

धूर नसेल तर टाकीपासून पंपापर्यंत क्रमाने चालत जावे. टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, हे आधी. मग टाकीचे झाकण. त्याला हवेसाठी बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास झकास चालतो, मग पॉवर सोडतो आणि बंद पडतो. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो. झाकण उघडताना 'हुस्स' झाले तर दोष सापडला, सुई पुरते. त्यानंतर काचेची वाटी आणि फिल्टरचा खालचा निचरा बोल्ट. डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसते. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते. काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरण्याची सवय यासाठीच चांगली.

पाण्याहून जास्त फसवी गोष्ट म्हणजे हवा. फीड पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. पण टाकी आणि फीड पंप यांच्यामधली गळती इंजिन चालू असताना बाहेर काही टाकत नाही, आत हवा ओढते. भेगाळलेला रबरी पाइप, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वायसर किंवा फिल्टरची चपटी झालेली रबरी रिंग, एवढ्यावर ट्रॅक्टर रोज सकाळी एअर धरतो. अशा ट्रॅक्टरची एअर रोज काढली जाते आणि ती येते कुठून हे कुणी शोधत नाही.

एअर काढण्याचा क्रम डिझेलच्या प्रवाहाचाच असतो. टाकी भरून कॉक उघडावा, पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की तो आवळावा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू. तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडचे पाइपचे नट थोडे सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून सेल्फ मारावा आणि डिझेल आल्यावर नट आवळावेत. नोझल दोनशेच्या आसपास किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला उघडतो. तो फवारा कातडी भेदून आत जातो; म्हणून गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मधे अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी, नाहीतर डिझेलचा दोष शोधताना सेल्फ जळतो.

पांढरा धूर येऊनही इंजिन पेट घेत नसेल तर आत पुरेशी उष्णता तयार होत नाही. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे चांगला ट्रॅक्टरही वेळ घेतो. तिथे हीटर चालतो का हे पाहणे पुरते. इंजिन सावकाश फिरत असले तरी दाबलेली हवा रिंगांमधून निसटते आणि तापायची राहते, म्हणजे वरवर इंजिनाचा वाटणारा दोष पुन्हा बॅटरीकडे जातो. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून ट्रॅक्टर चालू करण्याची रीत काही ठिकाणी आहे; ती आगीला निमंत्रण देते आणि खरे दुखणे झाकून ठेवते. उन्हातही हाच त्रास होत असेल तर कॉम्प्रेशन तपासावे. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये नोझलच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

सुरू होतो पण मिसिंग मारतो, अशा ट्रॅक्टरची परीक्षा एका पान्याने होते. इंजिन मंद गतीवर ठेवून नोझलच्या पाइपचा नट एकेक करून सैल करावा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच लंगडते. ज्याचा नट सैल करूनही चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून कामावर नाही. मग त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावावा आणि शेजारचा इकडे आणावा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल पंपवाल्याकडे चाचणीला द्यावा. दोष जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचे टॅपेट, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन आणि शेवटी पंप. मंद गतीवर इंजिन आपोआप चढते-उतरते असेल तर आधी डिझेलमधली हवा पाहावी, मग गव्हर्नर.

चालत्या इंजिनाचा धूरही बोलतो. ओझे नसताना काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीत नांगरटीच्या धुळीने ऑइलचा चिखल झाला की पहिला परिणाम हाच. ती वाटी स्वस्त आहे, पंप महाग. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, पाण्यात बुडबुडे दिसत असतील, तर हेड पॅकिंग गेले. आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली व तिला डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर चालवू नये. फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा पंपाचे सील फुटून डिझेल चेंबरमध्ये उतरते. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते, आणि तेच वर चढून जळू लागले तर दांडी ओढूनही इंजिन थांबत नाही.

या सगळ्याचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर ट्रॅक्टर चालवून पाहावा. बॅटरी, फिल्टर आणि नोझल एका दिवशी बदलले की ट्रॅक्टर सुरू होतोही, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो. वहीत तारीख, लक्षण आणि उपाय अशा तीन ओळी लिहून ठेवल्या तर पुढच्या वेळी शोध अर्ध्यावरून सुरू होतो. टर्मिनल, अर्थिंग, दांडी, झाकण, पाणी, हवा, नोझल, टॅपेट, असा स्वस्तापासून महागाकडे जाणारा हा क्रम आहे. हेड उतरवणे त्यात सर्वांत शेवटी येते आणि क्रम न सोडणाऱ्याचा ट्रॅक्टर बहुतेक वेळा त्याआधीच सुरू झालेला असतो.