काठीची सावली

सपाट अंगणात ताठ उभी केलेली काठी हे पृथ्वी आणि आकाश शिकवण्याचे फार जुने साधन आहे. भारतीय ज्योतिषात तिला शंकू म्हणतात आणि त्याची उंची बारा अंगुळे धरण्याचा प्रघात आहे. विषुवदिनी माध्यान्ही या शंकूची जेवढी सावली पडते ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा जवळजवळ चार अंगुळे आहे. काठी एक मीटरची घेतली तर तीच सावली साडेतेहतीस सेंटीमीटर भरते, आणि त्यावरून पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश निघतो. गावाचे पृथ्वीवरचे स्थान असे अंगणातच सापडते. अट एवढीच, की मोजणी नेटकी हवी.

पहिली कसोटी काठी उभी करण्यात लागते. नजरेला सरळ दिसणारी काठी एका अंशाने कलली, तर सावली सुमारे पावणेदोन सेंटीमीटरने चुकते. म्हणून गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ या दोन वस्तू फूटपट्टीच्या आधी लागतात. दुसरी अडचण सूर्याचीच. तो ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक कधीच रेखीव नसते. त्यावर सोपा उपाय आहे. काठीच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवायचा, त्या भोकातून ओळंबा सोडून खालचा बिंदू जमिनीवर नोंदवायचा आणि सावलीतल्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरायचा. उंचीही भोकापर्यंतचीच मोजायची.

दिशा ठरवायला होकायंत्र लागत नाही. त्या खालच्या बिंदूभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी आखडत जाणारी सावली त्याला पश्चिमेकडे शिवते, दुपारी लांबत जाणारी पूर्वेकडे. हे दोन बिंदू जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, आणि तिच्या मध्यातून काठीच्या बुंध्याकडे जाणारी रेषा दक्षिणोत्तर. सर्वांत आखूड सावलीची वाट पाहण्यापेक्षा ही रीत खात्रीची, कारण माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की नेमका क्षण हाती लागत नाही.

सावली दक्षिणोत्तर रेषेवर येते तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला सुमारे ८.६ अंशांवर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून पुण्याचा माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होतो. तोही एका जागी राहत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो १२.१८ च्या आसपास असतो, फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९ पर्यंत सरकतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन्हींचा हा एकत्र परिणाम.

ऋतूंच्या बाबतीत विद्यार्थ्यांची एक समजूत घट्ट असते : सूर्य जवळ आला की उन्हाळा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. जुलैच्या आरंभी ती १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. हे आकडे पाठ होतात, पण समजूत जात नाही. ती काठीपुढे जाते. २२ डिसेंबरला पुण्यात मीटरभर काठीची माध्यान्हीची सावली ९० सेंटीमीटर असते. सूर्य तेव्हा ४८ अंशांपर्यंतच चढतो, आणि तिरप्या उन्हाचा तोच झोत जास्त जमिनीवर पसरतो. डोक्यावरच्या उन्हाच्या तुलनेत एका चौरस मीटरला पाऊण वाटाच मिळतो, शिवाय दिवसही लहान. २१ जूनला तीच सावली साडेआठ सेंटीमीटर उरते आणि दक्षिणेला पडते, कारण सूर्य तेव्हा पुण्याच्या उत्तरेला गेलेला असतो.

या दोन टोकांमध्ये सूर्य दोनदा नेमका माथ्यावर येतो. सगळा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावाला शून्य सावलीचे वर्षात दोन दिवस मिळतात. पहिला पणजीला ३ मेच्या सुमारास येतो, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. सूर्याचा उत्तरेकडचा प्रवास असा नकाशावर गावागणिक मांडता येतो.

त्यातूनच पृथ्वीचे माप निघते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन नगरांमधल्या सूर्याच्या उंचीतील ७.२ अंशांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. त्याच्यासारखी जोडी महाराष्ट्रातही आहे. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. कोल्हापूरला सावली शून्य होते त्या दिवशी नाशिकला मीटरभर काठीची सावली ५.८ सेंटीमीटर, म्हणजे कोन ३.३ अंश. दोन्ही शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६६ किलोमीटर. पूर्ण वर्तुळात असे १०९ भाग बसतात आणि परीघ ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतो. अंतर मात्र नकाशावरचे सरळ घ्यावे, एसटीच्या तिकिटावरचे नव्हे. इथे दोन मिलिमीटरची चूक परिघात सुमारे १,४०० किलोमीटर होऊन बसते. ही चूक खोडून पुस्तकातला आकडा लिहायला लावणे म्हणजे प्रयोग वाया घालवणे. ती कुठून आली हे विद्यार्थ्याने शोधले की ओळंब्याचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही.

शून्य सावलीचा पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो आणि दुसरा बहुधा पावसाळी ढगांत जातो. म्हणून शाळेने काठी २३ सप्टेंबरच्या विषुवदिनी रोवावी, २२ डिसेंबरला सर्वांत लांब सावली नोंदवावी आणि २१ मार्चला पुन्हा विषुवदिनाची सावली मोजावी. मेमधली सावली विद्यार्थी आपापल्या अंगणात मोजतील.