छोटी लाईन आणि भाऊबीज

जबलपूरच्या कोणत्याही रिक्षावाल्याला 'छोटी लाईन फाटक' म्हणा, तो पुढे काही न विचारता निघतो. तिथे उतरल्यावर मात्र नवखा माणूस गोंधळतो. ना लाईन, ना फाटक! रूळ गेले, गाडी गेली, लोकांच्या तोंडी नाव तेवढे उरले.

ही छोटी लाईन म्हणजे सातपुड्यातली नॅरोगेज. दोन रुळांमध्ये अंतर जेमतेम अडीच फूट. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ साली गोंदियापासून नैनपूरपर्यंत ती आणली आणि १९०५ मध्ये जबलपूरला पोचवली. जबलपूरला रेल्वेचे अप्रूप नव्हते. मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले मोठे मार्ग १८७० मध्ये इथेच एकमेकांना मिळाले होते. पण मोठी गाडी शहराला दूरच्या शहरांशी जोडत होती. बरगी, शिकारा, घनसौर या आडगावांना विचारणारी गाडी ही छोटीच. डोंगरात अरुंद रूळ स्वस्तात पडतात आणि वळणेही सहज घेतात, म्हणून हा मार्ग नॅरोगेज झाला. तो तसाच शंभरावर वर्षे टिकला.

शहरात या गाडीचे स्टेशन होते हाऊबाग. तिथून ती वस्तीच्या परसदारांमागून ग्वारीघाटाकडे जायची. (आता त्याला गौरीघाटही म्हणतात.) मग नर्मदा ओलांडायची. पुलावर गाडी आली की डब्यातले हात खिडक्यांबाहेर यायचे आणि नाणी पाण्यात पडायची. डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागे. खिडकीच्या गजांना दुधाचे कॅन, बाकाखाली मोहाच्या टोपल्या, दारात लाकडाच्या मोळ्या. जागा नसली की लोक सरळ टपावर चढत. वेळापत्रकाची गोष्ट न काढलेली बरी!

या फाटकाजवळच्या एका मराठी घरात १९७९ साली गोंदियाची एक मुलगी सून म्हणून आली. सासर हिंदी मुलुखातले, शेजार हिंदी, पुढे मुलेही आपसात हिंदीतच भांडू लागली. माहेरचे मराठी वर्षातून एकदा घरी येई, ते धाकट्या भावाबरोबर, भाऊबिजेला. सकाळी गोंदियाला बसलेला भाऊ अख्खा दिवस डुलत येई. खांद्यावर बालाघाटकडच्या चिन्नोर तांदळाची पिशवी. सांजवेळी हाऊबागकडे शिटी वाजली की ताई स्टोव्हवर चहाचे आधण ठेवी. स्टेशनावरून घरी पायी यायला जितका वेळ लागे, तितकाच चहा व्हायला. परत जाताना भाऊ जबलपूरची खोव्याची जिलेबी डब्यात बांधून नेई. छत्तीस वर्षांत या भाऊबिजेत खंड पडला नाही.

१ ऑक्टोबर २०१५ पासून जबलपूर-नैनपूर गाडी बंद झाली. लाईन मोठी व्हायची होती. कामाला मंजुरी नव्वदच्या दशकातच मिळाली होती, म्हणजे हे अचानक घडले असे कोणी म्हणू शकत नव्हते. दिवाळी मात्र सव्वा महिन्यावर होती. भावाचा फोन आला, "ताई, यंदा नको म्हणतो. बसचा घाट मला सोसत नाही." तो तेव्हा साठीचा झाला होता, कंबर धरलेली. इटारसीवरून फिरून यावे तर नागपूर ते जबलपूर पाचशे चाळीस किलोमीटरच्या आसपास, रात्रभराचा खेळ. ताईने त्या वर्षी चंद्राला ओवाळले.

पुढचे वर्षही तसेच गेले. नैनपूर-बालाघाट पट्टा कान्हा आणि पेंचच्या जंगलांमधला. वन्यजीवांच्या परवानग्या मिळता मिळता वर्षे गेली. वाघांची काळजी घ्यायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनी गाडी आधी बंद आणि नवी कधी ते ठाऊक नाही, या मधल्या काळाचा हिशेब कोणत्या कागदावर मांडला जातो? सहा भाऊबिजांपैकी फक्त दोनदा भाऊ-बहीण भेटले, दोन्ही वेळा बसने, आणि एकदा तर भाऊ आल्या आल्या दोन दिवस अंथरुणावरच होता.

२०२१ मध्ये मोठ्या लाईनीवरून गोंदियापर्यंत सलग गाड्या धावू लागल्या. याचे मोल कमी लेखण्यात अर्थ नाही. जबलपूरहून गोंदियामार्गे नागपूर आता साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवर आले. चंद्रपूरच्या चांदा फोर्टपर्यंत थेट एक्स्प्रेस आहे. दवाखान्यासाठी नागपूर गाठणाऱ्यांना हे किती मोठे आहे, ते त्यांनाच विचारावे.

फक्त शहरातला तो छोटा तुकडा कोणाच्या लक्षात राहिला नाही. नवी लाईन कछपुऱ्याकडून ग्वारीघाटाला वळते. हाऊबागला गाडी येत नाही. वस्तीच्या मधून जाणारी, पायी गाठता येणारी हलकी गाडी आज शहरे कोट्यवधी रुपये खर्चून नव्याने आणत आहेत. इंदूरची मेट्रो २०२५ मध्ये सुरू झाली. इंग्लंडात मँचेस्टरने तर बरी आणि अल्ट्रिंकॅमकडचे जुने उपनगरी लोहमार्गच वापरून १९९२ मध्ये हलकी ट्राम सुरू केली. जबलपूरकडे हाऊबाग ते ग्वारीघाट अशी तयार पट्टी होती. अमावास्येला, नर्मदा जयंतीला घाटावर लोटणारी गर्दी एवढी एक गोष्टच अशा गाडीला पुरेशी होती. दूरच्या प्रवाशांसाठी मोठी लाईन हवीच होती, पण त्यासाठी जवळच्यांची गाडी मोडलीच पाहिजे असे नव्हते.

२०२१ च्या भाऊबिजेला भाऊ आला. मोठ्या स्टेशनावर उतरून त्याने मोबाईलवर कळवले. ताईने आधण ठेवले, उतरवले, पुन्हा ठेवले. रिक्षा गर्दीत अडकली होती. शेवटी दारात तांदळाची पिशवी टेकवत तो म्हणाला, "गोंद्याहून इथवर आरामात बसून आलो ताई, दमलो तो स्टेशनापासून तुझ्या घरापर्यंत." मग त्याने पाय धुतले आणि तिसऱ्यांदा उकळलेला कडू चहा मुकाट्याने प्यायला.