न झालेल्या गोलाची नोंद

समीक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी सर्वांत जोखमीचे कोणते, असे कुणी विचारले तर मी भाकिताचे नाव घेईन. सिद्ध कृतीचे मूल्यमापन तुलनेने सोपे असते. कृती समोर असते आणि काळाने तिची थोडीफार पारख केलेली असते. परंतु विशीतल्या कवीचा पहिला संग्रह हाती घेऊन ‘हा पुढे मोठा होईल’ असे म्हणायचे, तर आधाराला फारसे काही नसते. पारितोषिकांच्या निवड समित्यांवर काम करताना ही अडचण मला वारंवार जाणवली आहे. मात्र तिचे स्वरूप मला अधिक स्वच्छपणे कळले ते हॉकीच्या मैदानावर, बचावफळीत खेळणाऱ्या मुलांकडे पाहताना.

रायपूरच्या पुरानी बस्तीत राहणाऱ्याला हॉकी परकी नाही. दूधाधारी मठ, महामायेचे मंदिर आणि जुने तलाव यांच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीपासून राजनांदगाव सुमारे ७० किलोमीटरवर आहे. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ तेथे होणारी अखिल भारतीय स्पर्धा पाहत या प्रदेशातल्या पिढ्या वाढल्या. २०१५ च्या अखेरीस जागतिक हॉकी लीगची अंतिम स्पर्धा रायपुरातच झाली आणि भारताने तीत कांस्यपदक मिळविले. साहजिकच आमच्या गल्लीतल्या मुलांच्या हातीही स्टिक दिसते.

त्यांतलाच एक चौदा वर्षांचा मराठी मुलगा फुलबॅक म्हणून खेळतो. एका क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीत तो नाकारला गेला. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली. याचं पुढं काही होईल का, एवढं सांगा. नसेल होणार, तर आत्ताच अभ्यासाला लावतो.” प्रश्न साधा होता, पण एका मुलाची पुढची सात-आठ वर्षे त्यावर अवलंबून होती.

या प्रश्नाचे उत्तर अवघड असण्याचे कारण बचावपटूच्या कामातच आहे. आघाडीच्या खेळाडूचे कर्तृत्व धावफलकावर उमटते. बचावपटूचे कर्तृत्व म्हणजे जे घडले नाही ते. त्याने योग्य जागा आधीच धरली, म्हणून पास दिला गेला नाही. पास दिला गेला नाही, म्हणून गोल झाला नाही. न झालेल्या गोलाची नोंद कोणत्या वहीत होते? शिवाय ही जागा ओळखण्याची दृष्टी अनुभवाने येते. वेग आणि मनगटाची चपळाई चौदाव्या वर्षी दिसू शकते. खेळ आधी वाचण्याची बुद्धी मात्र पुष्कळदा बाविशी-पंचविशीपर्यंत आकार घेत असते.

पुरस्कारांचा इतिहासही हेच सांगतो. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा हॉकीतला पहिला मान पृथिपाल सिंग या फुलबॅकला मिळाला. पण त्यांची ख्याती पेनल्टी कॉर्नरवरील गोलांची होती. आजचे हरमनप्रीत सिंगही बचावपटूच. २०२४ मध्ये त्यांना तिसऱ्यांदा जगातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी १० गोल केले होते. बचावपटूला तारा व्हायचे असेल तर त्याला गोलही करावे लागतात, असा याचा अर्थ. गोल न करता केवळ निष्ठेने जागा राखणाऱ्याकडे लक्ष जायला वेळ लागतो. दिलीप तिर्की यांनी ४१२ आंतरराष्ट्रीय सामने खेळून तो वेळ जणू स्वतःच्या श्रमाने विकत घेतला.

अमित रोहिदास यांचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१३ मध्ये ते वरिष्ठ संघात आले, पुढे बाहेर पडले आणि २०१७ मध्ये परतले. प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी कॉर्नरवर सुसाट येणाऱ्या चेंडूच्या दिशेने सर्वांत आधी धावत सुटायचे, हे त्यांचे काम. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्ध त्यांना लाल कार्ड मिळाले आणि भारत चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनिशी खेळला. सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि शूटआउटमध्ये जिंकला गेला. लोकांच्या स्मरणात राहिला तो गोलरक्षक श्रीजेश. पण त्या मिनिटांत बचावफळीने किती वाटा बंद केल्या, त्याची मोजदाद कोण करणार?

बर्फावरील हॉकीतही वेगळे घडलेले नाही. उत्तर अमेरिकेत तरुण खेळाडूंची निवड क्रमांक लावून होते. १९७३ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला डेनिस पॉटविन पुढे खरोखरच श्रेष्ठ बचावपटू ठरला. तेव्हा भाकीत कधी खरेच ठरत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु १९८९ मध्ये स्वीडनच्या निकलस लिडस्ट्रॉमचा क्रमांक ५३ वा होता, आणि सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने पुढे सात वेळा मिळविला. त्यातला पहिला त्याला २००१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी लाभला.

आणि दूर कशाला जावे? आमच्या बिलासपुरात १९२७ मध्ये जन्मलेले लेस्ली क्लॉडियस मुळात फुटबॉलकडे ओढलेले. १९४६ मध्ये खरगपूरला बंगाल-नागपूर रेल्वेच्या सरावात एक खेळाडू कमी पडला आणि त्यांच्या हाती स्टिक आली. दोन वर्षांनी लंडनला ते सुवर्णपदक विजेत्या संघात होते. मधल्या फळीत, हाफबॅकच्या जागी खेळून त्यांनी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविले. त्या दिवशी खेळाडूंची संख्या पुरेशी असती, तर कोणत्या निवड समितीला ते सापडले असते?

त्या वडिलांना मी भाकीत सांगितले नाही. मुलाला खेळाची गोडी आहे का आणि हरल्यावरही तो दुसऱ्या दिवशी मैदानावर जातो का, एवढेच विचारले. “रोज जातो,” ते म्हणाले. मग अभ्यास आणि खेळ दोन्ही चालू द्या, आणखी चार वर्षे त्याला नाही म्हणू नका, असे मी सुचविले. तो तारा होईल की नाही, हे या सल्ल्यात कुठेच नव्हते.

निवड टाळता येत नाही, हे मी जाणतो. वसतिगृहातल्या जागा मोजक्या असतात, तशीच पारितोषिकेही. पण एकाला निवडताना उरलेल्यांबद्दल आपण निकाल दिलेला नसतो, ही जाणीव निवडणाऱ्याला असली पाहिजे. आणि नाकारलेल्याने दोन-चार वर्षांनी पुन्हा यावे, इतके दार उघडे ठेवले पाहिजे. चौदाव्या वर्षीची चाचणी अखेरची असू नये, तसाच पहिल्या संग्रहावरचा अभिप्रायही. फुलबॅक उशिरा पिकतो. गद्यलेखकही पुष्कळदा उशिराच पिकतो.