ओंकारला पत्र : कर्टिस ब्लोच्या बाजूने



तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. कर्टिस ब्लोचं ‘द ब्रेक्स’ ऐकून तुझं मत पडलं की हा रॅप नव्हेच, हे तर गॅदरिंगमधलं सूत्रसंचालन! वाक्य झकास आहे आणि अर्धं खरंही आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र. मेसेजमध्ये मावलं नसतं.

हा माणूस घडला त्या वर्षांत माइकवाल्याचं काम मुळी सूत्रसंचालनाचंच होतं. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत कूल हर्कने पार्टी केली आणि हिप हॉपचा जन्म तिथून धरतात, हे तुला तोंडपाठ आहे. त्या पार्ट्यांचा राजा डीजे होता. दोन टर्नटेबलं घ्यायची, गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा हेरून तो लांबवत न्यायचा, की पोरं मोकळ्या जागेत घुसून नाचायला लागायची. माइकवाला मधूनमधून चार शब्द टाकून गर्दी तापती ठेवायचा, बस. ते शब्द रेकॉर्ड करावेत, विकावेत, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. रात्र संपली की शब्दही गेले.

कर्टिस ब्लो, मूळचा कर्टिस वॉकर, हार्लेमचा. जन्म ९ ऑगस्ट १९५९, म्हणजे हर्कच्या त्या पार्टीच्या वेळी नुकतंच चौदावं वर्ष भरलेलं. आधी तो नाचणारा, मग डीजे, मग माइकवाला. हार्लेममध्ये तेव्हा डीजे हॉलिवूडची चलती होती. मोठ्या माणसांचे डिस्को क्लब, ठेवणीतले कपडे घालून येणारी मंडळी, आणि माइकवरून लयीत, ऐटीत, एकही शब्द न गिळता बोलणारा हॉलिवूड. पलीकडे ब्राँक्समध्ये पार्कात जमणारी पोरंटोरं आणि रांगडे ड्रम. कर्टिसने दोन्हीकडचं उचललं. तुला ज्याचं हसू आलं तो त्याचा स्वच्छ, खणखणीत, जरा जास्तच आर्जवी आवाज म्हणजे हॉलिवूडची तालीम. हजार माणसांच्या गोंगाटात बेताच्या स्पीकरवरून शेवटच्या रांगेला शब्द कळायला हवा, ही त्या तालमीतली पहिली अट. तुम्ही हेडफोन लावून रॅप ऐकता, म्हणून पुटपुटलेलं चालतं.

सिटी कॉलेजात त्याला रसेल सिमन्स भेटला. हा क्वीन्समधल्या हॉलिसचा, पार्ट्या भरवायचा. कर्टिसला ‘ब्लो’ त्याने केलं, आणि आपल्या पत्रकांवर या हार्लेमच्या पोराला चक्क ‘क्वीन्सचा एक नंबरचा रॅपर’ म्हणून छापलं. निव्वळ थाप! पण पार्टी क्वीन्समध्ये, तर हिरोही तिथलाच हवा, एवढं त्या वयात त्याला कळत होतं. पुढे रिक रुबिनबरोबर डेफ जॅम ही रेकॉर्ड कंपनी उभी करणारा सिमन्स तो हाच. मॅनेजर म्हणून त्याचं पहिलं मोठं नाणं कर्टिस ब्लो.

आता रेकॉर्डची गोष्ट. ही मला फार आवडते, कारण तिच्यात कलेची तळमळ वगैरे फारशी नाहीच. रॉबर्ट फोर्ड हा ‘बिलबोर्ड’ या संगीतधंद्याच्या साप्ताहिकात काम करायचा. ब्राँक्समधले डीजे जुन्या रेकॉर्डींचं काय करतात, यावर त्याने १९७८ मध्येच लिहिलं होतं, म्हणजे बाकीच्या पत्रकारांना याचा वासही नव्हता तेव्हा. १९७९ मध्ये त्याच्या घरी पाळणा हलणार होता आणि खिशात पैसे नव्हते. धंद्यातली एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती : नाताळचं गाणं एकदा चाललं की दर डिसेंबरला पुन्हा खपतं. ‘बिलबोर्ड’मध्येच जाहिराती मिळवणारा त्याचा सहकारी जे. बी. मूर मदतीला आला. नाताळच्या आदल्या रात्रीची एक जुनी कविता अमेरिकेत पोरासोरांनाही पाठ असते. मूरने तिला धरून रॅप लिहिला, त्यात सांताक्लॉज हार्लेमच्या पार्टीत येऊन नाचतो. माइकवर कोण, हा प्रश्न आला तेव्हा सिमन्सने कर्टिसचं नाव इतकं लावून धरलं की फोर्डचा नाइलाज झाला.

तयार झालेलं ‘ख्रिसमस रॅपिन’ घेऊन हे लोक कंपन्यांचे उंबरठे झिजवत फिरले. नकारावर नकार. शेवटी मर्क्युरीने घेतलं, तेही न्यूयॉर्कच्या कुणा जाणकारामुळे नाही, तर लंडनहून काम बघणाऱ्या जॉन स्टेन्झ नावाच्या इंग्रज माणसामुळे. यातला एक किस्सा पुढे यांनीच मिटक्या मारत सांगितला आहे. वितरकांकडे यांनी स्वतःच त्या रेकॉर्डच्या खोट्या मागण्या नोंदवल्या होत्या, कंपनीला वाटावं की बाजारात माल आधीच मागितला जातोय.

मध्यंतरी, सप्टेंबर १९७९ मध्ये, शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ बाजारात येऊन धुमाकूळ घालत होतं. म्हणजे पहिल्या गाजलेल्या रॅप रेकॉर्डचा मान कर्टिसकडे जात नाही, आणि मी तो ओढूनताणून देणारही नाही. पण शुगर हिल ही न्यू जर्सीतली घरगुती कंपनी. जगभर वितरणाची यंत्रणा असलेल्या बड्या कंपनीशी करार झालेला पहिला रॅपर मात्र कर्टिस ब्लो. वय वीस.

करार तरी कसला? एक सिंगल. चाललं तर दुसरं. दुसरंही चाललं तरच अल्बम. पहिलं चाललं. दुसरं होतं ‘द ब्रेक्स’, १९८० च्या उन्हाळ्यातलं. ते पुन्हा ऐक, पण या वेळी शब्दांची करामत शोधू नकोस. ती बेताचीच आहे, तुझं बरोबर आहे. साडेसात मिनिटांच्या वर चालणाऱ्या त्या गाण्याची बांधणी ऐक. सुरुवातीलाच तो लोकांना कामाला लावतो, टाळ्या वाजवायला. मग एकेक आपत्ती मोजायला लागतो : नोकरी गेली, आयकरवाले दारात आले, बायको दुसऱ्याबरोबर हिंडतेय, कुणीतरी ब्राझीलला फोन केले त्यांचं अवाच्या सव्वा बिल आलं. प्रत्येक ओळीचं शेपूट मागची गर्दी उचलते. आणि रंगात आलं की हा चक्क गप्प बसतो. जिमी ब्रॅलोअरचे ड्रम आणि टिंबालीज सुटतात, नाचणाऱ्यांसाठी मैदान मोकळं. पार्कात डीजे दोन टर्नटेबलांवर जे करायचा ते इथे वादकांनी स्टुडिओत बसून वाजवलं आहे, कारण दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून चिकटवणारं यंत्र तेव्हा अशा स्टुडिओच्या आवाक्यात नव्हतं. कर्टिसचा बासवाला लॅरी स्मिथ, हे नाव लक्षात ठेव, ते पुन्हा येणार आहे.

थोडक्यात, त्या पोराने स्वतःचा आवाज रेकॉर्ड केलाच, पण गर्दीही रेकॉर्ड केली. ज्याने ब्राँक्स कधी पाहिलं नाही त्याला घरातल्या रेकॉर्ड प्लेयरवर ती पार्टी मिळाली. ‘बिलबोर्ड’च्या आर अँड बी यादीत गाणं चौथ्या क्रमांकावर गेलं आणि गोल्ड प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं रॅप गाणं ठरलं.

मग दारं उघडत गेली. कमोडोर्सबरोबर दौरा झाला. सप्टेंबर १९८० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब मार्लीबरोबरच्या कार्यक्रमातही तो होता. ‘सोल ट्रेन’ या टीव्ही कार्यक्रमात गेलेला पहिला रॅपर तोच. तिथे गाणं संपल्यावर सूत्रधार डॉन कॉर्नेलियसने त्याच्या शेजारी उभं राहून, सगळ्या देशासमोर, साधारण असं सांगितलं की माझ्यासारख्या जुन्या माणसाला यात काय आहे ते कळत नाही. कर्टिसला ते चांगलंच लागलं. कॉर्नेलियस काही ऐरागैरा नव्हता, कृष्णवर्णीयांच्या संगीताला टीव्हीवर हक्काची जागा मिळवून देणारा माणूस. घरातल्याच थोरल्याने नाक मुरडावं, तसं झालं ते.

त्याच वर्षी अल्बम आला, ‘कर्टिस ब्लो’. कव्हरवर उघडी छाती आणि गळ्यात सोन्याच्या साखळ्या. आज त्याचं काहीच वाटत नाही, कारण पुढच्या चाळीस वर्षांत ते सगळ्यांनी केलं. आतला माल मात्र गोंधळलेला आहे. एक गोडमिट्ट प्रेमगीत तो स्वतः गायला आहे (ऐकलं नाहीस तरी चालेल), आणि एका रॉक गाण्याची उसनवारीही आहे. अख्खा अल्बम नुसत्या रॅपवर तरतो, याची कंपनीला खात्री नव्हती हे उघड दिसतं. पण त्यातच ‘हार्ड टाइम्स’ आहे. महागाई, हलाखी, सरळसोट. हे १९८० मधलं, ‘द मेसेज’ या गाजलेल्या रॅप गाण्याच्या दोन वर्षं आधीचं.

आता तुझ्या आवडत्या मंडळींकडे येते. रसेल सिमन्सचा धाकटा भाऊ जोसेफ शाळकरी वयात कर्टिसबरोबर स्टेजवर यायचा, ‘सन ऑफ कर्टिस ब्लो’ या नावाने. तोच पुढे रन-डीएमसीमधला रन. १९८३ मध्ये त्यांचं ‘सकर एमसीज’ आलं : एक ड्रम मशीन, वर दोन आवाज, बाकी काही नाही. बनवणारे कोण, तर रसेल आणि तो बासवाला लॅरी स्मिथ. म्हणजे कर्टिसचाच मॅनेजर, कर्टिसचाच वादक आणि कर्टिसचाच ‘मुलगा’ यांनी मिळून एका दणक्यात कर्टिसला म्हातारा केला. चोविशीतला म्हातारा! त्याचे ‘ड्यूस’ आणि ‘टफ’ हे अल्बम तोवर तसे थंडच गेले होते. गंमत म्हणजे रन-डीएमसीच्या पहिल्या अल्बमची सुरुवात ‘हार्ड टाइम्स’नेच होते. कर्टिसचंच गाणं, वाद्यांची सगळी सजावट उतरवलेलं. मला दुसरं जास्त आवडतं. पण पाया कुणी घातला ते त्यात ऐकू येतं.

त्याने आदळआपट केल्याचं मात्र दिसत नाही. १९८४ मध्ये ‘ईगो ट्रिप’ काढला आणि त्यात एका गाण्यात त्याच रन-डीएमसीला बरोबर घेतलं. त्याच अल्बममधलं ‘बास्केटबॉल’ अजून खेळाच्या मैदानांवर वाजतं. खेळाडूंची नावं घेत जाण्यापलीकडे त्यात फार काही नाही, पण ज्याला खेळ आवडतो त्याला तेवढंच पुरतं. फॅट बॉइजचा पहिला अल्बम त्याने निर्माता म्हणून केला. १९८५ च्या ‘क्रश ग्रूव्ह’ सिनेमात तो स्वतःच्याच नावाने आला. स्प्राइटच्या जाहिरातीत रॅप केला. तुमच्यातल्या एखाद्याला आज शीतपेयाची जाहिरात मिळाली तर बाकीचे ‘विकला गेला’ म्हणतात. तेव्हा तो प्रश्नच नव्हता. रॅपरला कुणी जाहिरातीचे पैसे देईल, हीच बातमी होती. जानेवारी १९८६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी पहिल्यांदा पाळली गेली, त्यासाठीच्या ‘किंग हॉलिडे’ या गाण्यामागेही तो होता. त्यात रॅपर आणि व्हिटनी ह्यूस्टनसारख्या गायिका एकाच गाण्यात आहेत.

ऐंशीचं दशक सरता सरता त्याच्या रेकॉर्ड थांबल्या. गाणी थांबली नाहीत, ती दुसऱ्यांच्या घरात राहायला गेली. नाझचं ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’ तुला लॉरिन हिलच्या आवाजासकट पाठ आहे ना? ते १९९६ चं. मूळ गाणं कर्टिसचं, १९८५ चं. १९९८ मध्ये नेक्स्ट या गटाचं ‘टू क्लोज’ अमेरिकेत एक नंबरवर गेलं, त्याच्या खालची सुरावट ‘ख्रिसमस रॅपिन’ची. रॉबर्ट फोर्डने दर डिसेंबरची आशा धरली होती. हे मिळालं ते त्याच्याही हिशेबात नसणार.

शब्दांच्या करामतीत त्याची तुलना मी राकिमसारख्या रॅपरशी करणार नाही, केजी अन् कॉलेजचा फरक आहे तो. माझं म्हणणं एवढंच, की रॅपर हा पेशा म्हणून कसा दिसतो, याचा नमुना त्याच्या अंगावर बेतला गेला : करार, मॅनेजर, दौरा, टीव्ही, सिनेमा, जाहिरात, निर्माता म्हणून दुसऱ्याला उभं करणं. त्याआधी हे कुणी करून दाखवलंच नव्हतं. तुझ्या ओळखीची पोरं आज ‘लेबल’, ‘मॅनेजमेंट’ असले शब्द सहज फेकतात, म्हणून हे सांगितलं.

पुढे तो चर्चच्या कामात पडला. हार्लेममध्ये हिप हॉप चर्च सुरू करणाऱ्यांत तो होता आणि २००९ मध्ये त्याने रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. तिकडे रनही रेव्हरंड झालेला. डिसेंबर २०२० मध्ये कर्टिसवर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही तो ‘हिप हॉप नटक्रॅकर’ या नाताळच्या कार्यक्रमात दिसतो. संगीत चायकॉव्हस्कीचं, नाच ब्रेकडान्सचा, आणि पडदा उघडण्याआधी प्रेक्षकांना तापवायला माइकवर कर्टिस ब्लो. गॅदरिंगमधलं सूत्रसंचालन म्हण हवं तर.

‘हार्ड टाइम्स’ दोन्ही लागोपाठ ऐक आणि तुझं मत कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या

ता. क. दादाला मुद्दाम वाचून दाखव. रॅप म्हणजे कटकट, गाणं म्हणजे बॉब डिलन, असं तो तुला ऐकवत असतो ना? कर्टिसच्या १९८६ च्या ‘किंग्डम ब्लो’ अल्बममध्ये ‘स्ट्रीट रॉक’ म्हणून गाणं आहे. त्यात डिलनने स्वतः तोंडाने रॅप केला आहे. आणि आइस-टी, पब्लिक एनिमी वगैरे मंडळींची ओळख आपल्याला कर्टिस ब्लोने करून दिली, हे डिलनने ‘क्रॉनिकल्स’ या आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुस्तक दादाच्याच कपाटात आहे, त्याला पान शोधायला लाव.